अटलांटा : स्कायलाइनच्या पुढची मोकळी जागा

बुधवार

अटलांटाच्या विमानतळाला दोन महापौरांची नावं आहेत. विल्यम हार्ट्सफील्ड गोरे. आपलं शहर इतकं कामात आहे की द्वेष करायला त्याला फुरसतच नाही, असं ते सांगत फिरायचे आणि शहर ते वाक्य बिरुदासारखं मिरवायचं. मेनार्ड जॅक्सन कृष्णवर्णीय. 1973 साली निवडून आले, या शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर. दोघांची नावं एका पाटीवर यायला 2003 उजाडलं. हार्ट्सफील्ड खुर्चीवरून उतरले जानेवारी 1962 मध्ये आणि जॅक्सन बसले जानेवारी 1974 मध्ये. शहराच्या स्कायलाइनचे, म्हणजे मनोऱ्यांच्या आकाशरेषेचे, जुने फोटो जिथून काढले त्याच जागी उभं राहून आजचा फोटो काढायचा आणि जुन्याशी जोडी लावायची, यासाठी मी इथवर आले आहे. ते जुने फोटो बहुतेक या मधल्या बारा वर्षांतले आहेत.

दादा-वहिनी उत्तरेला अल्फारेटाला राहतात. विमानतळावरून मार्टाची, म्हणजे शहर वाहतूक सेवेची, रेल्वे धरली आणि नॉर्थ स्प्रिंग्सला उतरले. त्यापुढे रूळ नाहीत, दादा गाडी घेऊन आला होता. एवढ्या मोठ्या शहराची रेल्वे इतकी आखूड कशी, याचं उत्तरही त्याच काळात आहे. 1965 आणि 1971 च्या मतदानांत आजूबाजूच्या काउंट्यांनी, म्हणजे जिल्ह्यांनी, मार्टा नाकारली. रेल्वे आली की शहरातले काळे लोक आपल्याकडे येतील, ही भीती त्यामागे होती.

वहिनी म्हणाली, "अगं, फेब्रुवारीत येऊन काय बघणार आहेस? एप्रिलमध्ये डॉगवूड फुलतात, तेव्हा यायचं ना!"

एप्रिलमध्ये झाडांना पालवी येते, तीच तर अडचण. अटलांटात झाडं अफाट. साठ वर्षांपूर्वी जिथून अख्खं शहर दिसायचं, तिथे आता ओक आणि पाइन उभे आहेत. ओक निष्पर्ण असतात त्या दिवसांतच फांद्यांमधून थोडंफार दिसतं.

गुरुवार

सकाळी जॉर्जिया स्टेट विद्यापीठाचं ग्रंथालय. अटलांटाच्या दोन मोठ्या वृत्तपत्रांचा, 'जर्नल' आणि 'कॉन्स्टिट्यूशन'चा, फोटोसंग्रह इथे आहे. बरंचसं ऑनलाइन पाहता येतं आणि तिथूनच मी प्रिंट काढून आणले होते. पण छापण्यासाठी दिलेली मूळ प्रिंट हातात घेतल्यावर वेगळ्या गोष्टी दिसतात. कुठून कापायचं त्याच्या ग्रीस पेन्सिलच्या रेघा, मागे शिक्के, चिकटवलेली ओळ. स्कायलाइनच्या ज्या प्रिंटांवर मला अशा रेघा सापडल्या, त्यांत खालची पट्टी उडवलेली होती. साहजिक आहे. बातमी नव्या इमारतीची, जागा दोन कॉलमांची, मग समोरची माती कशाला छापायची?

ती माती माझ्या डोक्यात राहिली. शहराचे मनोरे एका चौकटीत पकडायचे तर फोटोग्राफरला त्यांच्यासमोर भरपूर मोकळी जागा लागते. नदी, समुद्र, टेकडी, काहीतरी. मुंबईला मरीन ड्राइव्हचा उपसागर आहे, न्यूयॉर्कला हडसन आहे. अटलांटाच्या मध्यभागी यातलं काहीच नाही. हे गाव रेल्वेमार्ग जिथे एकमेकांना मिळाले तिथे वसलं. मग साठच्या दशकातल्या या सगळ्या देखण्या फोटोंत मनोऱ्यांपुढे एवढी रिकामी जमीन आली कुठून? सहलीचे उरलेले दिवस मी बहुतेक हेच पाहत फिरले.

दुपारी पायी डाउनटाउन. 1929 ची रोड्स-हॅव्हर्टी ही एकवीस मजल्यांची इमारत पंचविसेक वर्षं शहरात सर्वांत उंच होती. मग रांगच लागली. 1961 मध्ये बँक ऑफ जॉर्जियाचे 31 मजले, 1966 मध्ये फर्स्ट नॅशनल बँकेचे 41, 1968 मध्ये काळ्याभोर पोलादाचं इक्विटेबल. फाइव्ह पॉइंट्सच्या चौकात मान वर करून उभं राहिलं की यातले बरेचसे अजून दिसतात. नंतरच्या उंच मंडळींमध्ये ते आता बुटके वाटतात.

पीचट्री रस्त्यावर जॉन पोर्टमनचं हयात रीजन्सी. 1967 मध्ये उघडलं. बाहेरून रुक्ष, आत गेलं की 22 मजले थेट छतापर्यंत पोकळ आणि त्या पोकळीत काचेच्या लिफ्ट खालीवर करतात. आज मॉलमध्ये जाणाऱ्या कुणालाही याचं अप्रूप वाटणार नाही, पण हॉटेलांमध्ये ही पद्धत रूढ केली ती या इमारतीने. माथ्यावर निळा घुमट, त्यात फिरतं रेस्तराँ. साठच्या दशकाच्या शेवटच्या फोटोंत तो घुमट मैलभरावरून ओळखू येतो. आज तो शोधावा लागतो. त्याच पोर्टमनने पुढे 1976 मध्ये जवळच 73 मजल्यांचं गोल काचेचं वेस्टिन उभं केलं आणि स्वतःच्याच घुमटाला झाकोळून टाकलं. त्याच घुमटाखाली, हॉटेल उघडलं त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या एससीएलसी या नागरी हक्क संघटनेच्या अधिवेशनातले कार्यक्रम झाले. शहरातलं सर्वांत नवं, सर्वांत दिमाखदार हॉटेल आणि आत काळे पाहुणे. तीन वर्षांपूर्वी हे अशक्य होतं.

ते का, याचं उत्तर कोर्टलँड स्ट्रीटवर, अगदी हाकेच्या अंतरावर आहे. तिथे हार्ट ऑफ अटलांटा नावाचं 216 खोल्यांचं मोटेल होतं. मालक मॉर्टन रोलस्टन स्वतः वकील. 2 जुलै 1964 ला नागरी हक्क कायद्यावर सही झाली आणि या गृहस्थांनी लगेच सरकारवर खटला गुदरला. काळ्या गिऱ्हाइकाला खोली द्यायची सक्ती ही माझ्यावर लादलेली वेठबिगारी आहे, असाही एक मुद्दा त्यांनी मांडला. गुलामगिरी संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती मालकाच्या बाजूने वापरायची! धाडसाला दाद द्यावी की कपाळावर हात मारावा, ठरेना. 14 डिसेंबर 1964 ला सर्वोच्च न्यायालयाने एकमताने दावा फेटाळला. बहुतेक पाहुणे परराज्यांतून येतात, म्हणजे हा आंतरराज्य व्यापार झाला आणि त्याचे नियम अमेरिकेची संसद करू शकते, असा तो निकाल. देशभरच्या हॉटेलांची दारं त्याने उघडली. मोटेल पाडलं गेलं, त्या जागी आज हिल्टन उभं आहे. जुन्या फोटोत बैठं मोटेल आणि पोहण्याचा तलाव, माझ्या फोटोत टॅक्सींची रांग आणि गळ्यात बिल्ले घातलेले परिषदवाले. जोडी म्हणून छायाचित्र सुमारच आलं. काचेवर ऊन परावर्तित होत होतं.

शुक्रवार

दादाने सात वाजता जॅक्सन स्ट्रीटच्या पुलावर सोडलं. हा पूल डाउनटाउनच्या पूर्वेला आहे, त्यामुळे सकाळचं ऊन तुमच्या पाठीवर आणि इमारतींच्या तोंडावर पडतं. अटलांटाचा तुम्ही पाहिलेला कुठलाही फोटो आठवा, तो बहुधा इथलाच असेल. खाली दोन्ही बाजूंनी उतरत जाणारा रस्ता, तो थेट मनोऱ्यांच्या पायाशी जातो आणि मध्ये वेस्टिनचा नळकांडा. एका प्रसिद्ध झॉम्बी मालिकेच्या पोस्टरपासून इथे गर्दी असते. माझ्या शेजारी लग्नाचा पोशाख केलेलं जोडपं होतं, तीन अंश तापमानात. नवरी कुडकुडत हसत होती.

या फोटोची सुंदर मोकळी पट्टी कशी झाली, ते असं : साठच्या दशकात राज्याच्या हायवे खात्याने इथून आय-485 नावाचा महामार्ग आखला. जमिनी घेतल्या, ओल्ड फोर्थ वॉर्डपासून पूर्वेकडच्या वस्त्यांपर्यंत शेकडो घरं पाडली. मग पूर्वेकडच्या रहिवाशांनी कोर्टकचेऱ्या केल्या, आंदोलनं केली आणि सत्तरच्या दशकात तो रस्ता रद्द झाला. घरं गेली ती गेलीच. जमीन कितीतरी वर्षं गवत उगवून पडून राहिली. अखेर तिच्यावर एक लहान पार्कवे झाला, 1994 मध्ये खुला झाला आणि 2018 पासून त्याला जॉन लुईस यांचं नाव आहे. लुईस म्हणजे नागरी हक्कांच्या मोर्चात सेल्माच्या पुलावर पोलिसांच्या माराने डोकं फुटलेले, पुढे अटलांटातून तेहतीस वर्षं खासदार राहिलेले. रस्त्याविरुद्धच्या लढ्यातही ते होते, तेव्हा नाव योग्य माणसाचं आहे.

पुलावर दहाबारा जण कॅमेरे लावून होते. एकाने विचारलं, कुठली लेन्स? मी 35 सांगितलं. तो म्हणाला, इथे 85 हवी, म्हणजे इमारती जवळ येतात आणि रस्त्याचा पसारा कापला जातो. सल्ला तसा बरोबर होता. मी मात्र मुद्दाम पसारा घेतला.

तिथून दक्षिणेला चालत ऑबर्न ॲव्हेन्यू. ऑबर्नवर घाईने चालू नये. 1906 च्या वंशद्वेषी दंगलीत डाउनटाउनच्या काळ्या दुकानदारांवर हल्ले झाले, त्यानंतर काळ्यांचा व्यापार हळूहळू या रस्त्यावर एकवटला. विमा कंपनी, बँक, वर्तमानपत्र, चर्च, नाचगाण्याचे क्लब, सगळं दीडेक मैलात. अटलांटा लाइफ ही विमा कंपनी काढणारे अलोन्झो हर्न्डन गुलामीत जन्मले होते. पीचट्रीवर त्यांची झगमगती केशकर्तनालयं होती. कारागीर काळे, मालक काळा, गिऱ्हाईक फक्त गोरं. त्या पैशातून ऑबर्नवर काळ्यांसाठी विमा कंपनी उभी राहिली. रस्त्याला 'स्वीट ऑबर्न' म्हणणारे जॉन वेस्ली डॉब्स हे मेनार्ड जॅक्सन यांचे आजोबा. आणि 501 क्रमांकाच्या दुमजली लाकडी घरात 15 जानेवारी 1929 ला किंग जन्मले.

पश्चिमेकडे तोंड करून रस्त्याच्या मध्ये उभं राहिलं की ऑबर्न सरळ पीचट्रीकडे जातो आणि शेवटाला बँकांचे मनोरे दिसतात. साठच्या दशकातल्या फोटोग्राफरांना हे दृश्य आवडायचं : पुढे बुटक्या विटांच्या इमारती आणि लटकत्या पाट्या, मागे नवे चकाकते मजले. असाच एक फोटो माझ्याकडे होता. जागा शोधायची रीत सोपी आहे, फक्त चिकाटी लागते. जवळची एक कड आणि लांबची एक कड धरायची, उदाहरणार्थ चर्चचा कोपरा आणि बँकेचा खांब. जुन्या फोटोत त्या दोघांमध्ये जितकं अंतर दिसतं तितकं दिसेपर्यंत डावी-उजवीकडे सरकायचं. मग दुसरी जोडी घेऊन पुढे-मागे. लेन्स कुठली याने फारसं बिघडत नाही. दृश्याची ठेवण तुम्ही कुठे उभे आहात यावर ठरते, लेन्स फक्त किती घ्यायचं ते ठरवते. कडा जुळवत जुळवत मी पोचले ती थेट हायवेच्या पुलाखाली.

हा डाउनटाउन कनेक्टर. आय-75 आणि आय-85 एकत्र होऊन शहराच्या पोटातून जातात. 1964 मध्ये पूर्ण झाला, ऐंशीच्या दशकात आणखी रुंद केला. तो ऑबर्नला आडवा छेदून गेला. किंग यांचं घर आणि त्यांचं एबेनेझर चर्च एका बाजूला राहिलं, बराचसा जुना बाजार दुसऱ्या बाजूला. शहराच्या मध्यवर्ती भागाला झोपडपट्टीपासून वेगळं काढायचं, ही तेव्हाच्या नियोजनकारांची इच्छा काही गुपित नव्हती. त्याच 1964 सालाने कागदावर एक भिंत पाडली आणि जमिनीवर ही बांधली.

पुलाखाली डोक्यावरून गाड्यांचा सततचा घरघराट. फुटपाथवर घोंगड्या पांघरून माणसं बसलेली. मी तिपाई लावत होते तेव्हा एक म्हातारे गृहस्थ थांबले. टोपी, इस्त्रीचा कोट, हातात चर्चचं पत्रक.

"काय टिपता आहात, मॅम?"

मी जुना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून तो बराच वेळ पाहिला. मग वरच्या काँक्रीटकडे काठी दाखवून म्हणाले, "माझे वडील सूट शिवायला टाकायचे ते दुकान तिथे होतं. तिथे म्हणजे जमिनीवर नाही, आता त्या ट्रकच्या चाकाखाली. आणि इथे दातांचे डॉक्टर. शनिवारी संध्याकाळी इस्त्रीचे कपडे घातल्याशिवाय या रस्त्यावर यायचं नाही, अशी आईची सक्त ताकीद."

मी विचारलं, पूल बांधला तेव्हा लोकांनी विरोध केला नाही का?

"आम्ही एकाच वेळी किती गोष्टींना विरोध करणार होतो?" ते म्हणाले आणि निघाले. दहा पावलांवर वळून त्यांनी सांगितलं, "बिग बेथेलचा मनोरा घ्या फोटोत. तो हललेला नाही."

बिग बेथेल चर्चच्या मनोऱ्यावर 'जीझस सेव्ह्ज' ही निळी दिव्यांची पाटी आहे, कनेक्टरवरून जाणाऱ्या लाखो गाड्यांना ती दिसते. त्याच पट्ट्यात एका इमारतीच्या अख्ख्या बाजूवर जॉन लुईस यांचं 65 फुटी भित्तिचित्र आहे. नव्या अटलांटाने हायवेकडे तोंड करून आपले नायक रंगवले आहेत. बघणारा आता पायी येत नाही, हे त्यांना नीट कळलेलं दिसतं.

प्रिन्स हॉल मेसॉनिक इमारत पुलाच्या पूर्वेला, क्रमांक 334. इथे एससीएलसीचं कार्यालय होतं आणि याच इमारतीतून डब्ल्यूईआरडी हे कृष्णवर्णीयांच्या मालकीचं देशातलं पहिलं रेडिओ केंद्र चालायचं. इथे एक जोडी बऱ्यापैकी जुळली. जुन्या चित्रात मागे फक्त आकाश होतं.

शनिवार

सकाळी पाऊस. दादा म्हणाला, "आज कॅमेरा राहू दे, जेवायला जाऊ." नॉर्थसाइड ड्राइव्हवरचं पास्कल्स. रॉबर्ट आणि जेम्स पास्कल या भावांनी 1947 मध्ये सुरू केलेलं, आताची जागा नवी आहे. जुनं उपाहारगृह तेव्हाच्या हंटर स्ट्रीटवर, म्हणजे आताच्या एमएलके ड्राइव्हवर होतं. किंग आणि त्यांचे सहकारी तिथे बैठका घ्यायचे, तुरुंगातून सुटून आलेल्या विद्यार्थ्यांना फुकट जेवण मिळायचं. तळलेलं चिकन, मका-पाव, रताळ्याचं गोड. वहिनी शाकाहारी. तिने वाढणाऱ्या बाईंना कॉलर्डच्या भाजीत मांस आहे का म्हणून दोनदा विचारलं आणि शेवटी मॅकरोनी-चीजवर भागवलं.

दुपारी उघडलं आणि आम्ही समरहिलला गेलो. डाउनटाउनच्या दक्षिणेला, आय-20 आणि कनेक्टर एकमेकांना मिळतात तिथे. 1964-65 मध्ये इथे जवळपास वर्षभरात बेसबॉलचं स्टेडियम उभं केलं, खर्च 1 कोटी 80 लाख डॉलर. आपल्या मालकीची नसलेल्या जमिनीवर, जवळ नसलेल्या पैशांत आणि अजून न मिळालेल्या संघासाठी बांधलं, असं महापौर आयव्हन ॲलन गमतीने सांगायचे. जमीन 'नागरी नूतनीकरणा'खाली मोकळी केलेली होती. तिथली काळी आणि ज्यू वस्ती आधीच उठवली होती. घरं बांधू म्हणून सांगितलं होतं, स्टेडियम आलं.

आणि फोटोग्राफरांची चंगळ झाली. दक्षिणेकडून पाहिलं तर पुढे पांढरं गोल स्टेडियम, मध्ये राज्य विधानभवनाचा सोनेरी घुमट, मागे 41 मजल्यांची बँक. 'राष्ट्रीय दर्जाचं शहर' एकाच चौकटीत. चेंबर ऑफ कॉमर्सने 1961 पासून 'फॉरवर्ड अटलांटा' ही जाहिरात मोहीम चालवली होती, त्याच वर्षी स्वतःचं चकचकीत मासिकही काढलं. असले फोटो त्यांना हवेच होते. 1966 मध्ये ब्रेव्ह्ज संघ आला. त्याच वर्षी 6 सप्टेंबरला स्टेडियमपासून जवळच पोलिसांनी एका काळ्या तरुणाला गोळी घातली आणि समरहिल भडकलं. ॲलन लोकांना शांत करायला पोलिसांच्या गाडीवर चढले, लोकांनी गाडी हलवून त्यांना खाली पाडलं. त्या दिवसाचे फोटो स्कायलाइनचे नाहीत. त्यांत माणसं आहेत, धूर आहे, पायऱ्या असलेली लाकडी घरं आहेत. समरहिलचे रस्ते कसे दिसायचे हे पाहायचं तर दंगलीच्या फोटोंकडे वळावं लागतं, कारण एरवी कुणी इकडे कॅमेरा फिरवला नव्हता.

समरहिलमधलाच एक मुलगा मात्र स्कायलाइनमध्ये शिरला. हर्मन रसेल, गिलाव्याचं काम करणाऱ्याचा मुलगा. त्याने वडिलांचा धंदा वाढवला आणि इक्विटेबल इमारतीच्या पोलादाला अग्निरोधक लेप देण्याचं कंत्राट मिळवलं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला चेंबर ऑफ कॉमर्सने यशस्वी ठेकेदार म्हणून त्याला सदस्यत्वाचं निमंत्रण धाडलं. तो काळा आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. असा तो चेंबरचा पहिला कृष्णवर्णीय सदस्य झाला. त्या काळ्या मनोऱ्याचा फोटो आता काढताना मला त्याच्या वास्तुरचनेपेक्षा आतला लेप आठवतो.

स्टेडियम 1997 मध्ये पाडलं. शेजारी दुसरं बांधलं, ब्रेव्ह्ज तेही सोडून 2017 मध्ये उपनगरात गेले. जुन्या फोटोची जागा मला गाड्या लावण्याच्या सपाट मैदानाच्या कडेला सापडली. 8 एप्रिल 1974 ला ब्रेव्ह्जच्या हँक ॲरनने याच मैदानावर 715 वा होमरन मारून बेब रूथचा विक्रम मोडला. काळा माणूस गोऱ्या नायकाचा विक्रम मोडतोय म्हणून त्याला आधी धमक्यांची पत्रं येत होती. दादा क्रिकेटवेडा असल्यामुळे हा किस्सा त्याला तोंडपाठ होता. विधानभवनाचा घुमट जुळला, बँक जुळली. पुढचा भाग अजूनही मोकळाच.

रविवार

सकाळी एबेनेझरची प्रार्थना, नव्या वास्तूत. जुनं लाल विटांचं चर्च समोरच आहे, तिथे बाकावर बसून किंग यांचं ध्वनिमुद्रित भाषण ऐकता येतं. शेजारी निळ्या पाण्यात किंग आणि त्यांच्या पत्नी कोरेटा यांची समाधी. राष्ट्रीय उद्यानाच्या आवारात गांधीजींचा पुतळा आहे, 1998 मध्ये भारताकडून आलेला. वहिनीने चप्पल काढून नमस्कार केला. किंग 1959 मध्ये भारतात आले तेव्हा मुंबईत मणिभवनात राहिले होते, हे मी तिला सांगितलं. गिरगावात वाढूनही तिला ते ठाऊक नव्हतं.

मग शहराच्या पश्चिमेला. व्हाइन सिटीत, सनसेट ॲव्हेन्यू 234, किंग कुटुंबाचं साधं विटांचं घर. 1965 पासून ते इथे राहत. टेकाडावरून डाउनटाउन दिसतं, पण मध्ये आता फुटबॉलचं प्रचंड स्टेडियम आडवं बसलं आहे. तिकडेही तीच गोष्ट. पूर्वीच्या जॉर्जिया डोम या स्टेडियमसाठी लाइटनिंग नावाची वस्ती गेली, या नव्यासाठी जुनी चर्चं गेली.

व्हाइन सिटीच्या दक्षिणेला लागूनच काळ्यांच्या महाविद्यालयांचा परिसर. क्लार्क कॉलेजच्या खेळाडूंचं चिन्ह काळा चित्ता. स्निक या विद्यार्थी संघटनेचं मुख्यालय अटलांटात होतं. अलाबामातल्या लाउंड्स काउंटीत काळ्यांचा स्वतंत्र पक्ष उभा करताना त्यांना मतपत्रिकेसाठी चिन्ह हवं होतं, ते त्यांनी या कॉलेजच्या चित्त्यावरून काढलं. तिथून ते कॅलिफोर्नियात ओकलंडला गेलं, ब्लॅक पँथर झालं. आणि 1972 मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांनी दलित पँथर काढली. कॉलेजच्या फाटकावरच्या चित्त्याचा फोटो काढताना रखवालदाराने विचारलं, कुठून आलात? मी म्हटलं, आमच्याकडेही हा पोचला होता. तो "हो का?" म्हणाला आणि फाटक लावून घेतलं.

स्निकचा पहिला फोटोग्राफर डॅनी लायन. वयाच्या विशीत शिकागोकडून आला, 1962 ते 64 मोर्चे, अटका, तुरुंग टिपत राहिला. 1963 च्या हिवाळ्यात अटलांटाच्या टॉडल हाउस या उपाहारगृहात काळ्यांना वाढत नाहीत म्हणून विद्यार्थी निषेधासाठी काउंटरवर बसले होते, तेव्हा तो आत होता. हाच माणूस 1967 मध्ये न्यूयॉर्कला लोअर मॅनहॅटनच्या पाडकामाचे फोटो काढत होता. नव्या मनोऱ्यांसाठी पाडल्या जाणाऱ्या जुन्या इमारती, त्यांतले सोडून गेलेले जिने, पाडणारे मजूर. मला त्यात काही योगायोग वाटत नाही. आधी दोन वर्षं ज्याने माणसं हलवलेली पाहिली, त्याला रिकामा प्लॉट रिकामा दिसणार नाही.

दुपारी पेटन रोड. नैर्ऋत्येला, कॅस्केड हाइट्स. डॉ. क्लिंटन वॉर्नर या काळ्या शल्यविशारदाने, दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकाने, इथल्या गोऱ्या वस्तीत घर घ्यायचं ठरवलं. 18 डिसेंबर 1962 ला महापालिकेने रस्त्यात लोखंड-लाकडाचे अडसर उभे केले. 'अटलांटाची बर्लिन भिंत' म्हणून देशभर छी-थू झाली. 1 मार्च 1963 ला न्यायालयाने ते बेकायदा ठरवले आणि लगेच काढले गेले. अडसर घालणारे महापौर कोण? तेच आयव्हन ॲलन, ज्यांनी काही महिन्यांतच वॉशिंग्टनला जाऊन नागरी हक्क कायद्याच्या बाजूने साक्ष दिली, दक्षिणेतल्या मोठ्या शहराचा महापौर म्हणून एकट्याने. माणसाला एकाच खणात टाकता येत नाही. तरी माझं मत विचाराल तर साक्षीइतकाच तो अडसरही त्यांच्या खात्यावर राहिला पाहिजे.

पेटन रोडवरून स्कायलाइन दिसत नाही. उतार, पाइनची झाडं, बैठी विटांची घरं, एका अंगणात बास्केटबॉलची कडी. अडसराचा जुना फोटो घेऊन रस्त्याचं वळण जुळवलं. दादा गाडीतून ओरडला, "अगं ए, मागून गाडी येतेय!" गाडीतल्या बाईंनी हात केला, मीही केला.

सोमवार

दुपारचं विमान. सकाळी एकच जागा बाकी होती, सिव्हिक सेंटर. डाउनटाउनच्या ईशान्येला बटरमिल्क बॉटम नावाची काळ्यांची गरीब वस्ती होती, खोलगट भागात, बऱ्याच घरांना धड सांडपाण्याची सोय नसलेली. साठच्या दशकात ती सगळी पुसली आणि मोठं नाट्यगृह व सभागृह बांधलं. नावही नकाशावरून गेलं, बेडफर्ड-पाइन आलं. 2014 मध्ये नाट्यगृह बंद पडलं आणि तेव्हापासून फुटलेल्या डांबराची एकरच्या एकर जमीन, तिच्यामागे जवळजवळ संपूर्ण डाउनटाउन. प्रकाश आडवा होता. सहलीतली सर्वांत देखणी स्कायलाइन मला इथेच मिळाली, 35 च्या लेन्सने, डांबरातल्या तड्यांसकट.

ही जमीन आता शहराच्या गृहनिर्माण प्राधिकरणाकडे आहे आणि तिच्यावर परवडणाऱ्या भाड्याची घरं बांधायची योजना आहे. झाली तर इथून डाउनटाउन दिसायचं बंद होईल. फोटो काढायला कुणी जाणार असेल तर हिवाळ्यात, सकाळी आठच्या आत जावं. कुंपणाच्या दक्षिण बाजूला उंचवटा आहे, तिथे तिपाई नीट बसते.